प्लायला वय नसतं

आमच्या दाराला बेल आहे. चांगली चालू बेल आहे, दाबली की पक्षी ओरडतो. पण समोरच्या घरातले सोमणकाका ती कधी दाबत नाहीत. ते दार ठोकतात, आणि तेही एका जागी नाही. एकदा वरच्या कोपऱ्यात, एकदा मध्यावर, एकदा खाली कुलपाजवळ. प्रत्येक ठोक्यानंतर थांबून कान देतात. दार उघडेपर्यंत त्यांचा निकाल तयार असतो.

फरीदाबादच्या या सोसायटीत आम्ही राहायला आलो, त्या पहिल्याच संध्याकाळी असे तीन ठोके पडले. मी खोक्यांच्या ढिगातून वाट काढत दार उघडलं. समोर पांढरा झब्बा, नाकावर घसरलेला चष्मा आणि अजून हवेतच असलेलं वाकवलेलं बोट.

"नमस्कार. मी समोरचा सोमण. तुमचं दार आतून पोकळ आहे. बिल्डरने फसवलंय. चहाला या."

एवढं बोलून ते गेलेसुद्धा. मी पुण्याची. पहिल्या भेटीत कोणी चहाला बोलावलं, याचाच मला धक्का बसला होता. दाराचं दुःख नंतर झालं.

काकांची सगळी नोकरी केंद्र सरकारच्या एका बांधकाम खात्यात गेली. काम काय, तर सरकारी क्वार्टर्सना बसवायची दारं आणि खिडक्या तपासायच्या. "दिल्लीतल्या मोठमोठ्या साहेबांच्या न्हाणीघराची दारं मी पास केलीत," असं ते अभिमानाने सांगतात. निवृत्त झाले, क्वार्टर सुटलं, फरीदाबादला फ्लॅट घेतला, पण बोट काही निवृत्त झालं नाही. आमचं डायनिंग टेबल, सोसायटीच्या ऑफिसातलं कपाट, लग्नाच्या हॉलमधला स्टेज, जे लाकडाचं दिसेल ते काका ठोकणार. कोणी मध्येच बोलायला लागलं की दुसरा हात वर करून म्हणणार, "एक मिनिट. बोलू द्या त्याला."

सोसायटीतली आम्ही चार-पाच मराठी घरं मिळून गणपती बसवतो. एका वर्षी गुरुजी प्राणप्रतिष्ठेला बसले आणि काकांनी मूर्तीखालचा नवा चौरंग ठोकला. गुरुजींचे मंत्र थांबले. काकांचा हात वर. "बोलू द्या त्याला." मग हळूच मला म्हणाले, "आंबा आहे. सागवान म्हणून गळ्यात मारलाय. बाप्पासमोर बोलू नकोस." बाप्पा त्याच चौरंगावर बसले होते, तेव्हा त्यांना कळायचं काय राहिलं होतं कोण जाणे. आरतीला काका रोज येतात, टाळ जोरात वाजवतात. पण मुलांचे गाण्याचे आणि नाचाचे कार्यक्रम सुरू झाले की त्यांना हटकून घरी काहीतरी काम आठवतं. मला ते विचित्र वाटायचं, पण म्हातारी माणसं लवकर झोपतात, असं म्हणून मी सोडून द्यायची.

पावसाळ्यात मात्र काकांची चलती असते. हवा चिकट झाली की साऱ्या इमारतीची दारं फुगतात, चौकटीला अडकतात, आणि लोक सुताराला फोन लावतात. सुतार लिफ्टमधून बाहेर पडतो, तर काका जिन्यात पहारेकऱ्यासारखे उभे. "भाई साहब, रंदा बिल्कुल नहीं चलेगा!" मग घरवाल्यांना समजवायचं: "लकडी है, पानी पिएगी तो फूलेगी. दिवाली तक रुकिए. अपने आप बैठ जाएगी." आणि खरंच, दिवाळीपर्यंत दारं गुपचूप जागेवर बसतात. आमच्या वरच्या मजल्यावरच्या चोप्रांनी एकदा ऐकलं नाही, रंधा मारला. आता हिवाळ्यात त्यांच्या दाराच्या फटीतून मांजर आत जातं. त्या मांजराकडे बोट दाखवून काका नव्या बिऱ्हाडांना धडा देतात.

आता गिटारकडे येते. पंचेचाळिशी उलटली की माणसं योगा धरतात नाहीतर ट्रेकला जातात. माझ्यामागे गिटार लागली. ऑफिसातला एक सहकारी नोकरी सोडून गावी गेला आणि जाताना त्याची जुनी तपकिरी गिटार माझ्या टेबलावर ठेवून गेला. मी मोबाइलवर बघून शिकायला लागले. दुसऱ्या दिवशी दारावर तीन ठोके.

"गिटार आहे?" काकांनी विचारलं. मला वाटलं, आवाजाचा त्रास होतोय म्हणून भांडायला आले. पण ते आत आले, गिटार मांडीवर उताणी घेतली आणि पुढच्या फळीवर बोट मारलं. ढब्ब. मग आणखी एकदा. मग कान फळीला लावून तिसऱ्यांदा. नंतर बराच वेळ फळीवरचा कान त्यांनी उचललाच नाही. निकाल द्यायला काकांना इतका वेळ लागलेला मी तोवर पाहिला नव्हता.

"प्लाय," शेवटी ते म्हणाले, आणि चष्मा पुसायला लागले.

मग अर्थात व्याख्यान झालं. "हे बघ मंजिरी, लोक म्हणतात गिटारमध्ये तार वाजते. तार काय वाजणार! तार नुसती ढकलते. वाजते ती ही पुढची फळी. मागचं, बाजूचं लाकूड म्हणजे वऱ्हाडी. नवरदेव ही. फळी कुठल्या लाकडाची, त्यावर सगळं. स्प्रूस म्हणजे परीक्षा देऊन थेट वरच्या जागेवर आलेला अधिकारी. सुरुवातीला ताठ, खणखणीत, अंगाला हात लावू देत नाही. पाच-दहा वर्षं वाजवलास की माणसात येतो. सीडर पहिल्या दिवसापासून गोड बोलतो, हलक्या हाताला लगेच उत्तर देतो, पण जोर केलास की त्याचा दम संपतो. महोगनी म्हणजे जुना हेडक्लार्क. कमी बोलेल, मुद्द्याचं बोलेल."

"आणि प्लाय?"

"समिती!" काका कडाडले. "तीन पातळ चकत्या, एक उभी, एक आडवी, एक उभी, मध्ये डिंक. कोणी हलायला लागलं की दुसरा धरून ठेवतो. तीन खात्यांची संयुक्त समिती. आवाज बाहेर येणार कसा? आणि खरं लाकूड वाजवून वाजवून सुधारतं, मोकळं होतं. हे वीस वर्षं वाजव, आज आहे तस्संच. प्लायला वय नसतं."

प्लायला वय नसतं. हे वाक्य मी पुढे त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं, की आमच्या ऑफिसात एक साहेब वर्षानुवर्षं तोच विनोद सांगतात, त्यांना मी मनातल्या मनात प्लाय म्हणायला लागले.

मी हिरमुसून विचारलं, "मग टाकून देऊ का?"

"छे! टाकायची नाही हं," काका एकदम घाबरून म्हणाले. "राहू दे. जपून ठेव."

त्यांच्याकडे एक गिटार आहे हे मला मग कळलं. खऱ्या स्प्रूसची, फिक्या मधाच्या रंगाची. आतल्या खोलीत तिचा थाट जावयासारखा. उन्हाळ्यात दिल्लीची कोरडी लू फळी चिरते, म्हणून त्या खोलीत कुलर. पावसाळ्यात ओल धरते, म्हणून पेटीत तांदळाची पुरचुंडी. रोज सकाळी तासभर रेडिओ तिच्या तोंडासमोर लावायचा, म्हणजे फळी थरथरत राहते, झोपत नाही. मालतीकाकू म्हणाल्या, "गुडघे माझे दुखतात, कुलर तिला. बातम्यासुद्धा आधी ती ऐकते, मग आम्ही."

रेडिओ पुरेना म्हणून काकांनी मला नेमलं. दर शनिवारी संध्याकाळी मी जाऊन ती गिटार वाजवायची. मला तीनच कॉर्ड येत होत्या आणि त्यातली एक संशयास्पद होती. मी म्हटलं, "काका, एवढी चांगली गिटार माझ्या हातून बिघडेल."

"लाकडाला सूर कळत नाही. हलणं कळतं. तू हलव."

इतकी मोकळी दाद मला कोणी दिली नव्हती. मी हलवत राहिले. माझ्या त्या तीन कॉर्डसुद्धा तिच्यावर अशा काही उमलून यायच्या, की घरी येऊन माझी ढब्ब गिटार हातात घ्यावीशी वाटायची नाही. कोणाची गिटार, असं मी एकदा विचारलं. "अनुजाची. मुलगी. कॅनडात असते. तिला वेळ नसतो," असं म्हणून काका पुरचुंडीतले तांदूळ बदलायला लागले.

एकदा ते मला तारा घ्यायला करोल बागेत घेऊन गेले. मेट्रोत डब्याच्या भिंतीवरही त्यांनी एक ठोका मारून पाहिला. दुकानात भिंतीवर टांगलेल्या गिटारी एकेक करून ठोकायला लागले, तेव्हा दुकानदार म्हणाला, "अंकल जी, कभी बजाएँगे भी, या आज भी सिर्फ़ खटखटाएँगे?" म्हणजे काका तिथले जुनेच होते. मी तारा निवडत असताना त्यांनी काउंटरवर वाकून हळूच विचारलं, "कोई पुराना आया क्या? नीलेवाला? प्लाय का?"

"नहीं अंकल जी. आएगा तो फ़ोन कर दूँगा. आपका नंबर तो अब याद हो गया है."

मी चकित झाले. प्लायला शिव्या घालणारा माणूस जुन्या प्लायची चौकशी करतोय! मी बघतेय म्हटल्यावर काका गडबडले. "अभ्यासासाठी," म्हणाले. परतीच्या मेट्रोत त्यांनी एकही गोष्ट ठोकली नाही.

त्यानंतरच्या हिवाळ्यातली गोष्ट. रविवारी सकाळी आमच्या दारावर ठोका पडला. एकच, मध्यावर, हलका. मला वाटलं कुरिअरवाला. दारात काका. आत येऊन सोफ्याच्या कडेला बसले. सोफ्याचा हातसुद्धा ठोकला नाही.

"अनुजा येतेय. चार दिवसांसाठी. तुझी गिटार देशील का तेवढी?"

"अहो, पण तुमच्याकडे ती एवढी सुंदर..."

"ती नको," काका म्हणाले. आणि मग, मी काही न विचारता, सांगायला लागले.

"ती दहावीत होती. आम्ही क्वार्टरमध्ये राहायचो. तिच्याकडे निळी गिटार होती, प्लायची. तुझ्या गिटारसारखीच. रोज संध्याकाळी बाल्कनीत बसून वाजवायची आणि बारीक आवाजात गायची. मला सहन व्हायचं नाही. दिवसभर मी लोकांचं प्लाय नापास करणार, आणि माझ्याच घरात प्लाय वाजणार? वसाहतीच्या गणपतीत तिचं गाणं ठरलं. मी तिला न सांगता निळी करोल बागेत देऊन टाकली आणि बदल्यात ही स्प्रूसची आणली. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी. म्हटलं, पोर खूश होईल."

मी चहा ठेवायला उठले होते, ती तशीच उभी राहिले.

"भाद्रपद. चिकट हवा. वसाहतीतली दारं फुगलेली. मी आठवडाभर घरोघर सांगत होतो, लाकूड आहे, पाणी पिणार, फुगणार. आणि नवीन फळी फुगून तिच्या तारा वर उचलल्या गेल्यात, हे माझ्या लक्षात आलं नाही. दारं तपासण्यात जन्म गेला, आणि गिटारही लाकडाचीच असते हे त्या दिवशी विसरलो. उंच तारा दाबून पोरीची बोटं दुखत होती. बरं, तिचा गळा बारीक. प्लायचा आवाज दबका, म्हणून त्याच्यावर तिचा गळा वर राहायचा. हे मला तेव्हा कुठे कळत होतं! स्प्रूस खणखणीत. तिचं भावगीत त्यात पार बुडालं. म्हणून ती हळू वाजवायला लागली. नव्या स्प्रूसला हळू वाजवलं की तो तोंडच उघडत नाही. मला राहवेना. मी पहिल्या रांगेत होतो. उभा राहिलो आणि हात वर करून ओरडलो, 'अगं जोरात मार! बोलू दे त्याला!'"

काकांनी तो हात वर केला होता. तो त्यांनी सावकाश खाली घेतला.

"लोक हसले. वाईट नाही गं हसले, माझी सवय माहीत होती सगळ्यांना. ती थांबली. गिटार खुर्चीवर नीट ठेवली आणि आत निघून गेली. आख्ख्या मांडवात लाकडाचं ऐकणारा मी एकटा होतो. बाकी सगळे तिचं ऐकत होते."

"मग?"

"घरी आल्यावर म्हणाली, ठीक आहे बाबा. तेवढंच. मी म्हटलं, राग आहे, बसेल दिवाळीपर्यंत. दिवाळीला हवा कोरडी झाली, फळी बसली, तारा खाली आल्या. इतकी गोड वाजायला लागली म्हणून सांगू! पण तिने परत हात लावला नाही. मी दुकानात गेलो तर निळी विकली गेली होती." काकांनी माझ्या गिटारकडे पाहिलं. "तुझी ठोकली त्या दिवशी, तर तोच आवाज. प्लायला वय नसतं ना, मंजिरी. ती निळी जिथे कुठे असेल तिथे तस्सा आवाज करत असेल. अनुजाच्या दहावीतला."

हेच वाक्य मी इतकी वर्षं शिवी म्हणून ऐकत आले होते. मी गिटार काढली, धूळ पुसली आणि त्यांच्या हातात दिली.

अनुजा आली. त्या चार दिवसांतल्या बातम्या मला काकूंकडून मिळायच्या, भाजीच्या गाडीशी. "हॉलमध्ये खुर्चीवर बसवून ठेवलीय तुझी गिटार. अनुजा शेजारी बसून लॅपटॉपवर काम करते. हे समोर पेपर घेऊन बसतात. पान उलटत नाहीत." दुसऱ्या दिवशी विचारलं, तर काकूंनी नुसती नकाराची मान हलवली. तिसऱ्या दिवशी मी विचारलंच नाही.

निघायच्या सकाळी त्यांनी मला पोह्यांना बोलावलं. अनुजा उंच, आखूड केस, डोळे काकूंचे. "मंजिरीताई, ही गिटार तुमची ना? बाबांनी उगीच मागून आणली, यार. मी अब बिल्कुल नाही वाजवत. बोटं पण विसरली असतील." ती हसत म्हणाली, मनात काही न ठेवता म्हणाली. काका पोह्यांतले शेंगदाणे बाजूला काढत होते. त्यांना शेंगदाणे आवडतात.

गाडी खाली आल्याचा फोन आला. बॅगा दाराशी गेल्या. काकूंनी दही-साखर हातावर ठेवली. अनुजाने बूट घातले आणि मोबाइल राहिला म्हणून परत हॉलमध्ये आली. मोबाइल खुर्चीवर, गिटारच्या शेजारी होता. तिने तो उचलला. मग उभ्या उभ्याच, काही विचार न करता केल्यासारखं, बोट वाकवून गिटारच्या फळीवर मारलं. वर, मध्ये, खाली. प्रत्येक ठोक्यानंतर मान तिरकी करून थांबली. थेट काकांसारखी.

काकांचा हात सवयीने वर आला. छातीपर्यंत आला, आणि तिथून त्यांनी तो झब्ब्याच्या खिशात घातला.

"सेम आहे, बाबा," अनुजा म्हणाली. "माझ्या ब्लूसारखा. है ना? त्याच्यावर माझा आवाज ऐकू यायचा."

काकांनी मान डोलावली. त्यांचे ओठ हलले, मला वाटलं आता बोलतील, इतक्या वर्षांचं सगळं एकदम बोलतील. खालून हॉर्न वाजला. "पोचलीस की फोन कर," एवढंच ते म्हणाले. ती त्यांच्या पाया पडली, आणि लिफ्टचं दार लागलं.

मला त्या हॉर्नवाल्याचा फार राग आला. नंतर वाटलं, हॉर्न वाजला नसता तरी ते हेच म्हणाले असते.

दुसऱ्या दिवशी आमच्या घरात पक्षी ओरडला. मी दार उघडलं तर काका. दोन्ही हातांत गिटार, आणि बेल कोपराने दाबलेली.

"वाजवली तिने," ते म्हणाले.

ठोकली, असं माझ्या तोंडावर आलं होतं. "हो काका," मी म्हटलं. "ऐकलं मी."

गिटार त्यांनी माझ्या हातात दिली, पण तिच्यावरचा हात काढला नाही.

"मी मध्ये काही बोललो नाही. पाहिलंस ना तू?"

"पाहिलं, काका."